तुम्हाला खात्री आहे का?

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून डायरी. कारण नवरा. "तू रोज घरी येऊन हॉस्पिटलचं इतकं सांगतेस की मला स्वप्नात सलाईनच्या बाटल्या दिसतात," म्हणाला आणि ही वही हातात ठेवली. "हिला सांग. ही मध्येच जांभई देणार नाही." तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो, दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकतो, त्यामुळे संध्याकाळी त्याला शांतता हवी असते. ठीक आहे. वहीला सांगते.

तर, आज व्यवस्थापकांनी मीटिंगला बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून तुम्ही वॉर्डात नाही." इतकी वर्षं नर्स आहे, वॉर्डाशिवाय मी करू काय? मग म्हणाले, हॉस्पिटलात कॉम्प्युटरची नवी सिस्टिम येणार. केसपेपर बंद. नोंदणी, तपासण्या, औषधं, रिपोर्ट, सगळं त्यात. आणि ती चालवून दाखवायची जबाबदारी माझी.

नम्रपणा म्हणून "मला काय कळतंय त्यातलं" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "खोली कुठली देणार?"

चादरींच्या स्टोअरशेजारची मिळाली, जिथे मोडक्या व्हीलचेअर ठेवायचे. चालेल. मला जमणार आहे, मला माहीत आहे.

एकच अडचण दिसते, ती म्हणजे मोठे डॉक्टर. हे हॉस्पिटल त्यांनीच चार खाटांपासून उभं केलं. सत्तरी ओलांडली तरी रोज राउंड, रोज ओपीडी. त्यांच्या शब्दाबाहेर इथला पंखासुद्धा फिरत नाही. मीटिंगभर ते खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "या सिस्टर करणार असतील तर होईल." सगळे हसले. मीही हसले, पण मला कळलं. ज्यांनी जन्मभर पेनानं लिहिलं त्यांच्या हातात आपण माऊस देणार, ते काय आनंदानं घेतील? मनातून त्यांना हे नकोच आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कंपनीच्या बाईंनी मला शिकवलं, आता मी बाकीच्यांना शिकवते आहे. नवऱ्यानं सल्ला दिला होता, "शिकणाऱ्याच्या हातून स्टिअरिंग हिसकावून घ्यायचं नाही." फार कठीण आहे हे. मेल वॉर्डच्या इन्चार्ज एका बोटानं टाईप करतात आणि प्रत्येक अक्षराला "सापडलं!" म्हणतात.

सिस्टिमला नावही पडलं. औषध लिहिलं की ती विचारते, "तुम्हाला खात्री आहे का?" खोडलं तरी विचारते, "तुम्हाला खात्री आहे का?" बाहेर पडायला गेलं तरी तेच. इन्चार्जबाई वैतागून म्हणाल्या, "ही सिस्टिम कसली, सासूबाई आहे!" झालं. दुपारपर्यंत लॅबपासून औषधांच्या खिडकीपर्यंत सगळे तिला सासूबाईच म्हणायला लागले. (माझी खरी सासू गरीब गाय होती. तिनं मला कधी एक प्रश्न विचारला नाही.)

मोठे डॉक्टर स्वतःहून माझ्या खोलीत आले. मी आपली उठून उभी. म्हणाले, "बसा सिस्टर. आज गुरू तुम्ही." मन लावून शिकले. प्रश्नही नेमके. "मी चुकीचं औषध लिहिलं तर काय होतं?"

"लाल खिडकी उघडते, सर. काय चुकतंय ते लिहून येतं."

"आणि तरीही मला तेच द्यायचं असेल तर?"

"'पुढे जा' दाबायचं आणि कारण लिहायचं. पण तो अधिकार फक्त वरिष्ठ डॉक्टरांना ठेवलाय."

"वरिष्ठांना का?"

"सर, तुम्हाला कोण अडवणार?" मी हसून म्हणाले.

ते हसले नाहीत. माझं काही चुकलं की काय? पण जाताना "छान शिकवता" म्हणाले.

सोमवार, ९ सप्टेंबर

मला छळायचं ठरवलंय त्यांनी. आज राउंड संपल्यावर वॉर्डातल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि दोन ज्युनिअर डॉक्टरांच्या देखत मला विचारलं, "सिस्टर, यात शिरायचं कसं?" गुरुवारी तासभर शिकवलेलं! पासवर्ड त्यांनीच स्वतःच्या हातानं टाकलेला! मी तोंडावरची माशी न हलू देता पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते मान डोलवत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकताहेत. नट व्हायला हवं होतं यांनी.

दुपारी परत फोन. "सिस्टर, तो पासवर्ड..."

मीही कच्च्या गुरूची चेली नाही. त्यांनी शंभरदा विचारलं तर मी शंभरदा गोड आवाजात सांगेन. बघू कोण आधी दमतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

आज सुरू झालं! आणि चाललं!

सकाळी रणधुमाळी होती. नोंदणीची रांग जिन्यापर्यंत. एका आजोबांची नोंद 'स्त्री' म्हणून झाली आणि त्यांना स्त्रीरोग विभागात धाडलं. ते तिथे निमूट बसून होते. विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं, नव्या पद्धतीत इथूनच सुरुवात करतात." प्रिंटरनं मध्येच मान टाकली. मी ग्लुकोजची बिस्किटं खात या मजल्यावरून त्या मजल्यावर नुसती पळत होते.

पण दुपारी एका बाईंना बेशुद्ध आणलं. सोबतच्या शेजारणीला नावापलीकडे काही ठाऊक नाही. जुन्या पेशंटांची माहिती आम्ही आधीच भरून ठेवली होती; नाव टाकलं आणि पडद्यावर सगळं आलं. साखरेचा आजार, कुठलं इन्सुलिन, किती. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि बाई डोळे उघडून विचारतात, "माझी चप्पल कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. जुने केसपेपर शोधत बसलो असतो तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणाल तर त्यांचा कान अजून तसाच आहे. एका माणसाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून म्हणाले, "डाव्या बाजूला पाणी आहे, खाली." एक्स-रे नंतर निघाला. तिथेच होतं. अशा माणसानं माझ्याशी पासवर्डचे खेळ खेळावेत?

बुधवार, २५ सप्टेंबर

आता खेळ उघड झाला. लॅबच्या मॅडम तणतणत आल्या. मोठे डॉक्टर तीच तपासणी परत परत लिहितात. सकाळी रक्त काढलेल्या माणसाचं दुपारी परत काढायला सांगितलं. तो माणूस दंडावरचा कापूस दाखवून म्हणाला, "बाई, मी काय विहीर आहे का?" एकदा नाही, बरेचदा झालंय असं. फक्त त्यांच्याच पेशंटांचं.

मी लगेच ओळखलं. त्यांना दाखवायचंय की सिस्टिममुळे गोंधळ होतो, केसपेपर होता तेव्हा असं कधी होत नव्हतं. मग व्यवस्थापक म्हणणार, बंद करा ही थेरं. एवढा मोठा माणूस आणि एवढं कोतं मन!

घरी नवऱ्याला सांगितलं (वही असली तरी सांगितलंच). तो भाजी चिरत होता. म्हणाला, "मुद्दाम चुकणारा रोज नवी चूक करतो गं. तीच तीच करणारा वेगळा असतो."

मी म्हटलं, "तू गाडी शिकव."

सोमवार, ३० सप्टेंबर

आजचं लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

लिफ्टमध्ये मोठे डॉक्टर आणि मी, दोघंच. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "सिस्टर, आई कशा आहेत तुमच्या? खोकला कमी आहे ना?"

आई जाऊन चार वर्षं झाली. याच हॉस्पिटलात. शेवटच्या दिवशी तेच तिच्या उशाशी बसले होते, खुर्ची ओढून, बाकीचा राउंड सोडून. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "रडून घ्या, मी आहे इथे." त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना देव मानत आले.

आणि आज हे. मी "बरी आहे" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लिफ्ट उघडली, ते गेले. मोठ्या माणसांच्या लक्षात आपण कशाला राहू? त्यांच्यासाठी खाट नंबर आणि आजार. उगाच देव्हाऱ्यात बसवतो आपण माणसांना.

बास. उद्या औषधांच्या स्टोअरचं काम आहे. कामाला लागलं की बरं वाटतं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

फीमेल वॉर्डात एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. हृदयाचे ठोके अनियमित. मोठ्या डॉक्टरांनी सकाळच्या राउंडला त्यांना रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. बरोबरच होतं. दुपारी ते परत वॉर्डात गेले आणि तीच गोळी, दुसऱ्या कंपनीची, पुन्हा लिहिली. म्हणजे दुप्पट. सिस्टिमनं आपलं काम चोख केलं. लाल खिडकी आली: हे औषध आधीच सुरू आहे, रक्तस्रावाचा धोका. त्यांनी 'पुढे जा' दाबलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'आवश्यक'.

औषधांच्या खिडकीवरून मला फोन आला. "सासूबाई लाल झाल्यात, पण सरांनी पुढे ढकललंय. काय करू?" मी म्हटलं, पाठवू नकोस. मग आठवलं की ती गोळी वॉर्डाच्या कपाटातही असते.

जिना कसा चढले ते माहीत नाही. नर्सच्या हातात छोट्या वाटीत गोळी, मुख्याध्यापिकांच्या हातात पाण्याचा ग्लास.

"थांब!"

"अहो पण सरांनी लिहिलंय," नर्स म्हणाली.

"सकाळीही सरांनीच लिहिलंय. दिलीस ना तू?"

"दिली. पण आता परत लिहिलंय म्हणजे सरांना माहीतच असेल ना!"

चांगली आहे ती मुलगी. हुशार आहे. तिनं लाल खिडकी वाचलीसुद्धा होती. पण सरांच्या नावापुढे लाल रंग फिका पडला. मुख्याध्यापिकांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गोळी एकदा तपासून घेतोय. त्या ग्लास खाली ठेवत म्हणाल्या, "घ्या, घ्या. आम्हीही पेपर दोनदा तपासतो."

तासाभरानं मोठे डॉक्टर माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं.

"गोळी कुणी थांबवली?"

मी उभी राहिले. "मी थांबवली, सर."

मग म्हणाले, "बरं केलंत, सिस्टर." आणि गेले.

टोमणा मारावा तर असा. एका शब्दानंही आवाज चढवला नाही. पण आता माझंही ठरलं. सिस्टिम बदनाम करण्यासाठी कुणी पेशंटच्या जिवाशी खेळणार असेल, तर मी गप्प बसणार नाही. मग ते मोठे डॉक्टर असोत नाहीतर आणखी कुणी.

सोमवार, ७ ऑक्टोबर

व्यवस्थापकांकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं. "मोठ्या डॉक्टरांचा 'पुढे जा'चा अधिकार काढा. नाहीतर मला वॉर्डात परत पाठवा. त्यांना ही सिस्टिम पाडायची आहे, आणि त्यात एखादी बाई मरेल."

मला वाटलं ते घाबरतील, किंवा मलाच झापतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "सिस्टर, ही सिस्टिम इथे आणायची असं कुणी ठरवलं, तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही. नाहीतर ट्रस्टींनी."

ते काहीतरी बोलणार होते, पण गिळलं. "बुधवारपर्यंत थांबा. एवढी विनंती."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत त्यांनी लिहिलेलं प्रत्येक औषध दुसऱ्या डॉक्टरांच्या नजरेखालून जाईल. आज सकाळपासूनच सुरू केलंय."

म्हणजे माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, मी सांगायच्या आधीच! मग बुधवारचं काय? मला वाटतं, मोठ्या डॉक्टरांना समजवायला कुणी ट्रस्टी येणार आहेत. येऊ देत. मी एकेक गोष्ट तोंडावर सांगेन.

बुधवार, ९ ऑक्टोबर

कुठून सुरुवात करू?

ओपीडी संपल्यावर मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या खोलीत बोलावलं. मी मनात भाषण जुळवून गेले होते. आत ट्रस्टी नव्हते. सरांच्या पत्नी होत्या. पूर्वी इथेच भूल द्यायच्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्यांनी मला बसवलं. चहा मागवला. सर टेबलामागे बसले नव्हते, पेशंट बसतात त्या स्टुलावर बसले होते.

म्हणाले, "सिस्टर, मी विसरतो."

मला वाटलं, गोळीबद्दल सारवासारव करताहेत. मी म्हणाले, "सर, विसरणं वेगळं आणि लाल खिडकी समोर दिसत असताना पुढे जाणं वेगळं."

"तसं नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी सपाट, त्या ऑपरेशनच्या वेळी बोलायच्या तसा. "यांना आजार आहे. स्मरणशक्तीचा. सुरुवात आहे. वर्षाच्या आरंभी दुसऱ्या गावी जाऊन सगळ्या तपासण्या केल्या."

चहा आला. कुणी घेतला नाही.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट धाडधाड पडायला लागली. पासवर्ड. दोनदा काढलेलं रक्त. विहीर म्हणणारा माणूस. लिफ्ट. देवा, लिफ्ट! आणि मी काय काय लिहून ठेवलंय या वहीत.

सर सांगत होते. घरी गॅस चालू राहायचा, लोकांची नावं निसटायची, तेव्हा ते म्हणायचे, वय झालं. मग एकदा रोजच्या रस्त्यावर गाडी थांबवून बसून राहिले, कारण उजवीकडे वळायचं की डावीकडे तेच कळेना. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, अजून बराच काळ बरं चालेल, पण काम कमी करा. "मी विचार केला," सर म्हणाले, "छातीचे आवाज मला अजून कळतात. निदान चुकत नाही. फक्त मी काय लिहिलं ते निसटतं. तर मला आठवण करून देणारं, अडवणारं काहीतरी हवं. माणसं मला अडवत नाहीत, सिस्टर. मी इथे चुकीचा शब्द बोललो तर लोक शब्दकोश बदलतील. यंत्राला माझा आदर नसणार, म्हणून मी सिस्टिम आणायला लावली. व्यवस्थापकांच्या मानगुटीवर बसून. आणि ती चालवायला तुम्हाला मागून घेतलं. तुम्हाला खोली कुठली ते विचारायचं सुचतं, तुम्ही कुणाला भिणार नाही असं वाटलं."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त होता. मी बोलून गेले, "सर, पण यंत्र अडवत नाही. ते फक्त विचारतं. त्यानं विचारलं होतं, आणि तुम्ही 'हो' म्हणालात."

मॅडमनी खाली बघितलं. मला वाटलं, आता ते ओरडतील.

"हो," सर म्हणाले. "तेच सांगायला बोलावलं. माझा हिशोब असा होता की खिडकी लाल झाली की मला कळेल, आता थांबायचं. ती लाल झाली. मी वाचली. आणि मला वाटलं, यंत्राला काय कळतंय, मी सकाळी गोळी दिलेलीच नाही. शंका असती तर थांबलो असतो, सिस्टर. मला खात्री होती. पूर्ण खात्री." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "माझा आजार हाच आहे. तो खात्री हिरावून घेत नाही. उलट देतो."

मी उठून त्यांचा हात धरला. चाळीस वर्षं लोकांच्या नाड्या बघितलेला हात.

"उद्यापासून मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "पण आधी एक काम. सिस्टिम सुरू झाल्यापासून मी लिहिलेलं प्रत्येक औषध, प्रत्येक तपासणी बाहेर काढा. दोन डॉक्टर बसवा. ज्याला ज्याला धोका असेल त्याला फोन करा. माझं नाव झाकायचं नाही."

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आठवडाभर लिहायला वेळ नव्हता. वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं.

केसपेपर असते तर हे काम म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं होतं. आता मी सिस्टिमला मोठ्या डॉक्टरांचं नाव दिलं, तारखा दिल्या, आणि सगळे पेशंट ओळीनं समोर आले. दोन डॉक्टर आळीपाळीनं बसले. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरीणबाई तर स्वतःची सुट्टी रद्द करून आल्या. त्यांना सरांनीच शिकवलंय. एकेक नोंद वाचताना त्या पुटपुटत होत्या, "हे किती सुरेख पकडलंय बघा... आणि हे..." मग एकदम गप्प व्हायच्या.

बहुतेक सगळं बरोबर निघालं. काही चुका निघाल्या. एक बाई थायरॉइडच्या दोन गोळ्या घेत होत्या, एकच हवी. त्यांना छातीत धडधड होत होती आणि त्या ती सुनेच्या माथी मारत होत्या. एका रिक्षावाल्यांची किडनीची तपासणी लिहायची राहून गेली होती. मी फोन केला तर म्हणाले, "मी ठणठणीत आहे." मी म्हटलं, "ठणठणीत या, ठणठणीत जा, पण रक्त देऊन जा." आले. किडनीवर ताण होता, औषध बदललं. वेळेत सापडलं. कुणाला कायमची इजा झालेली नाही. हे वाक्य मी परत लिहिते. कुणाला कायमची इजा झालेली नाही.

आणि 'पुढे जा'चा नियम मी बदलून घेतला. आता धोक्याचं औषध असेल तर दुसऱ्या डॉक्टरनं मान्य केल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येणार नाही. तरुण डॉक्टर कुरकुरले, "आमचं काय चुकलंय?" मी म्हटलं, "काही नाही. माझ्या नवऱ्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो काय शिकणाऱ्याचा अपमान असतो का?" व्यवस्थापकांनी त्याच दिवशी सही केली.

लिफ्टमधल्या त्या दिवसाबद्दल घरी सांगितलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुझी आई त्यांच्यासाठी अजून जिवंत आहे." मला इतकं हलकं वाटलं की मी उठून उगाचच खिडक्या पुसल्या.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दुपारी सरांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. सफाईवाल्या मावशींपासून सर्जनपर्यंत सगळे. ते खुर्चीवर उभे राहिले, मागून दिसावेत म्हणून. मॅडमनी खुर्ची धरली होती.

फिरवाफिरवी केली नाही. आजाराचं नाव सांगितलं. गोळीचं सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी एक बाई माझ्या हातून जाऊ शकल्या असत्या. मी आधीच थांबायला हवं होतं. नाही थांबलो, कारण मला काम आवडतं. ही चूक माझी आहे."

मेल वॉर्डच्या इन्चार्ज हुंदका देत म्हणाल्या, "काहीतरीच काय सर! तुम्ही कुठे विसरता? आमच्यापेक्षा तुमचंच लक्षात असतं!" बाकीचेही बोलायला लागले, हो ना, कामाचा ताण असेल, विश्रांती घ्या, बरे व्हाल.

सरांनी हात वर केला. "तुम्ही आत्ता करताय ना, तेच आता करायचं नाही. समोरचा कितीही मोठा असू दे. मी चुकलो तर मला 'सर, चुकलं' म्हणा. दुसरा चुकला तर त्यालाही." मग त्यांनी फीमेल वॉर्डच्या त्या नर्सला पुढे बोलावलं. ती पांढरीफटक. तिला म्हणाले, "म्हणून दाखवा."

"काय, सर?"

"सर, चुकलं."

सगळं कँटीन तिच्याकडे बघतंय. शेवटी ती इतक्या मोठ्यानं ओरडली, "सर, चुकलं!" की स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. सरच पहिल्यांदा हसले. मग सगळे हसले, रडत रडत.

सोमवार, २८ ऑक्टोबर

गेला आठवडा शांत गेला. सिस्टिम आता चालतेय म्हणण्यापेक्षा लोक तिला विसरलेत, म्हणजे खरोखर रुळली. दुसऱ्या एका हॉस्पिटलातून फोन आला, आमच्याकडे येऊन शिकवाल का म्हणून. शिकवेन की! मला कोण थांबवतंय?

आज सोमवार, मेंदूच्या डॉक्टरांची ओपीडी. सकाळी नोंदणीच्या रांगेत सर आणि मॅडम उभे. लोक बाजूला व्हायला लागले, "सर, तुम्ही पुढे या." सर जागचे हलले नाहीत. मी खिडकीवरच्या मुलीला उठवलं आणि स्वतः बसले.

म्हटलं, "सर, दुसरीकडे दाखवत होतात ना?"

"इथली सिस्टिम चांगली आहे असं ऐकतो," ते म्हणाले.

मी नोंद करायला घेतली. नाव, वय, पत्ता. पत्ता सांगताना ते एकदा अडखळले. मॅडम बोलल्या नाहीत, मीही नाही. थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच आठवलं. ते इतके खूश झाले की घराच्या फाटकाचा रंगसुद्धा सांगितला. व्यवसायाच्या जागी मी डॉक्टर लिहिलं. त्यांनी आत डोकावून ते वाचलं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टर, ही माझी माहिती कोण कोण बघू शकतं?"

"तुमच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स. बाकी कुणी उघडायला गेलं तर सिस्टिम त्याला कारण विचारेल आणि त्याचं नाव माझ्याकडे येईल."

"आणि लोक उघडतील?"

मी खोटं बोलत नाही. हे हॉस्पिटल आहे. इथे बातमी ॲम्ब्युलन्सच्या पुढे धावते. कुणाच्या पोटातला खडा किती मोठा, हे पेशंटच्या आधी कँटीनला कळतं. म्हणाले, "सांगता येत नाही, सर. माणसं आहेत."

"हो," ते म्हणाले. "माणसं आहेत." कार्ड घेऊन ते बाकावर जाऊन बसले, पेशंटांच्या मध्ये. शेजारच्या बाईंनी त्यांना स्वतःचा गुडघा दाखवायला सुरुवात केली.

दिवसभर माझं लक्ष तिकडेच होतं. सरांचं नाव प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर होतं. एक बटण दाबलं की सगळं दिसेल, किती उरलंय, किती गेलंय. ज्यांना त्यांनी शिकवलं, ज्यांना झापलं, ज्यांची लग्नं लावली, असे सगळे दिवसभर त्या पडद्यांसमोर बसलेले. प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मेल वॉर्डच्या इन्चार्ज तर दोनदा माझ्या दारापर्यंत येऊन परत गेल्या.

निघायच्या आधी मी सरांची नोंद कुणी कुणी उघडली ते तपासलं. मेंदूच्या डॉक्टरांनी उघडली होती. त्यांच्या नर्सनं उघडली होती.

आणखी कुणीही नाही.